छडीवर वाळणारे पंचे

विंझर, सोमवार, ६ जून १९३८

आज शाळा उघडली आणि माझी बिगारी माझ्या हातून गेली.

सत्तावीस वर्षं मी या गावात बिगारी चालवली. पहिलीच्याही खालचा वर्ग. चार-पाच वर्षांची पोरं, नाक पुसायची अक्कल नसलेली, ती माझ्या हाताखाली श्रीगणेशा गिरवून पुढं गेली. आणि आज भोर दरबाराकडून चार ओळींचा हुकूम. बिगारी मोडावी, तिच्या जागी ‘बालवर्ग’ काढावा, त्यावर सौदामिनीबाईंना नेमलं आहे, केशव मास्तरांनी दुसरी सांभाळावी आणि बाईंना लागेल ती मदत करावी. मदत! मी!

बाई चोवीस-पंचवीसची असेल. गुजरातेत जाऊन लहान मुलांना शिकवायचं शिकून आली आहे म्हणे. लहान मुलांना शिकवायला आधी शिकावं लागतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तेही गिळलं असतं. पण दुपारी बघतो तर माझी छडी खुंटीवर नाही. निगडीची, तेल पाजून पाजून काळीभोर केलेली छडी. बाईंनी ती दोन खुंट्यांमध्ये आडवी बांधली होती आणि तिच्यावर पोरांचे तोंड पुसायचे वीतभर पंचे वाळत घातले होते. वर मलाच म्हणतात, “मास्तर, छान सरळ काठी मिळाली. चालेल ना?”

मी “चालेल” म्हणालो. घरी पोचेपर्यंत कानशिलं तापली होती. या बाईला गावातून रडवत घालवली नाही तर नावाचा केशव नाही.

म्हणून ही वही. माघात शाळा तपासायला दिपोटी साहेब येतील. तोवर बाईंची एकेक चूक तारीखवार टिपायची आणि वही त्यांच्या हातात ठेवायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता पुरावा.

९ जून

माझी दुसरी आणि तो बालवर्ग यांच्यामध्ये फक्त बांबूचा तट्टा आहे. मी माझी खुर्ची तट्ट्याच्या फटीशी सरकवून घेतली आहे. सगळं दिसतं.

पाट्या नाहीत. उजळणी नाही. पोरं रांगेत बसत नाहीत. बुटक्या फळीवर सामान मांडून ठेवलंय: चिंचोके, शिंपले, लहान तांबे, लहान केरसुण्या. ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं, आपली चटई पसरायची, खेळायचं, आणि जिथल्या तिथं ठेवायचं. एक पोरगा सकाळभर चिंचोके वाटीतून वाटीत टाकत होता. बाई त्याच्याजवळ उकिडव्या बसून बघत होत्या. नुसत्या बघत होत्या! विचारलं तर म्हणाल्या, “आधी मूल बघायचं मास्तर, मग शिकवायचं.”

बघायचं म्हणे. दरबाराची नोकरी काय तमाशा बघायला दिली आहे?

१३ जून

आज कलकलाट फारच. बावीस पोरं झाली. माझ्या बिगारीत नऊच्या वर कधी टिकली नाहीत, पण टिकली ती शिकली. बाईंनी गावभर सांगितलंय की इथं मार नाही. मग काय, जत्राच लोटणार.

गोंगाटावर माझी एक युक्ती होती. दिपोटी साहेबांनीही वाचावी म्हणून इथं लिहून ठेवतो. बडबड्या पोराच्या दातांत पाटीवरची पेन्सिल आडवी द्यायची आणि कोपऱ्यात हात जोडून उभं करायचं. शाळा सुटेपर्यंत पेन्सिल पडता कामा नये. पडली की छडी. मार कमी लागतो आणि आवाज कायमचा बंद होतो. ही माझी स्वतःची युक्ती, कुणाची बघून घेतलेली नाही. अठरा वर्षांपूर्वी खालच्या आळीचा सोनबा म्हणून एक पोर होतं. अखंड बडबड. वर्गात एक कावळा बसला तरी याचं त्यावर बोलणं. दीड महिन्यात त्याला असा गप्प केला, की आजही तो चार शब्दांवर पाचवा बोलत नाही. याला म्हणतात शिस्त.

२० जून

सोनबानं आपली पोर बालवर्गात घातली. चंद्री नाव. बापाच्या खांद्यावर बसून आली. सोनबानं तिला उंबराखाली उतरवलं, कानात काहीतरी सांगितलं आणि तिथूनच माघारी फिरला. पायरी काही चढला नाही. मी तट्ट्याच्या अलीकडं उभा होतो. मला बघून त्यानं मुंडासं काढलं. माझा दरारा अजून आहे म्हणायचा.

पोरगी आत आली ती ओठ घट्ट मिटून. बाईंनी नाव विचारलं. उत्तर नाही. बाईंनी पुन्हा विचारलंदेखील नाही. माझ्यापुढं एवढी मग्रुरी चालली असती?

११ जुलै

तीन आठवडे झाले. चंद्री रोज येते, दोन तांबे घेते आणि ह्या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात ओतते. मग त्यातलं ह्यात. संपूर्ण सकाळ. तोंडातून अक्षर नाही. एक ओळ ठळक लिहून ठेवतो: मुलगी मुकी नसताना बाईंना तिच्याकडून एक शब्द बोलवता आलेला नाही.

पहिल्या आठवड्यात निम्मं पाणी जमिनीवर जायचं. आता थेंब-दोन थेंब. ओतताना जीभ किंचित बाहेर काढते आणि डावा डोळा बारीक करते. पाणी संपत आलं की मनगट उलटं वळवते, म्हणजे शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही. हे तिला कुणी दाखवलेलं नाही, मी सगळा वेळ बघतोय.

३ ऑगस्ट

आज मुद्दाम तट्ट्यापलीकडं गेलो आणि चंद्रीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तिचा तांब्या थरथरला आणि सगळं पाणी भुईवर. घ्या! दीड महिना काय शिकली? लिहून घेतलं.

बाईंनी रागवायचं सोडून तिच्या हातात फडकं दिलं. तिनं पुसलं. मग बाई मला म्हणतात, “मास्तर, जरा मागं सराल का?”

मागं सराल का! माझ्या शाळेत, मला! आज जेवण गेलं नाही. ही ओळ मी दिपोटींना वाचूनच दाखवणार आहे.

२९ ऑगस्ट

पाच दिवस हिवतापानं अंथरुणाला होतो. आज शाळेत गेलो तर बाई उजळलेल्या तोंडानं सांगतात, “मास्तर, चंद्री गुरुवारी गुणगुणली! शुक्रवारी तर दोन मुलींशी बोलली!”

आज मी दिवसभर फटीला डोळा लावून होतो. हूं नाही की चूं नाही. बाई थापा मारतात हेही आता पुराव्यात.

१४ ऑक्टोबर

नवीन आणि फार कामाचं. ओढ्यावर गेलो होतो. पलीकडं सोनबाच्या शेळ्या, आणि चंद्री एका करडाला पुढ्यात घेऊन बोलत होती. बोलत काय, धबधबा! “तू खाली बस. न्हाई, हितं न्हाई, चटईवर. पानी सांडलं तर सांडू दे, पुसायचं. रडतूस कशापाय? हितं मारत न्हाईत.” ऐंशी-नव्वद शब्द तरी बोलली, मी मोजले. वीस शेळ्याही न चुकता मोजल्या तिनं.

माझा पाय खड्यावर वाजला. तिनं मान वळवली, मला बघितलं आणि तोंड मिटलं. पेटीचं झाकण पडावं तसं.

म्हणजे पोरगी लबाड आहे. आणि ओढ्यावर बोलणारी मुलगी वर्गात बोलत नसेल तर दोष कुणाचा? शिकवणाराचा. बाई, सापडलात.

२ डिसेंबर

आमच्या घरातून आज टोमणा. “निम्मी वही भरलीत. सत्तावीस वर्षांत स्वतःच्या बिगारीतल्या पोरांकडं एवढं बघितलं होतंत का हो?”

बायकांना काय कळतं.

१८ जानेवारी १९३९

बाईंची पोरं आता खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवतात. डोळे मिटूनही ‘ग’ की ‘म’ सांगतात. सात पोरांना साधी नावं वाचता येतात. छडी नाही, घोकंपट्टी नाही, हे झालं कसं? मला काही उमगत नाही. हे वहीत लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं.

तपासणी चौदा फेब्रुवारीला. माझा बेत पक्का आहे. बाकीची पोरं बाईंचं नाव काढतील; म्हणून मी दिपोटींना चंद्रीच पुढं काढायला सांगणार. सगळ्यांसमोर नाव विचारायचं. ती तोंड उघडणार नाही. आठ महिन्यांत स्वतःचं नाव सांगता न येणारी मुलगी! मग वही पुढं करायची. बाईंचं तोंड तेव्हा बघायचंय मला.

१४ फेब्रुवारी, कोऱ्या कागदावर

वही दिपोटींनी नेली, म्हणून हे सुट्या कागदावर लिहितो. जिंकलो. ठरवलं होतं त्याच्या दसपट जिंकलो.

साहेब दहाला आले. बालवर्ग बघून आधी खूश दिसत होते. पोरांनी त्यांना पाणी दिलं, हात पुसायला त्या छडीवरचा पंचा दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, “साहेब, त्या मुलीला पुढं बोलवा. तिचं नाव विचारा.”

बाई चटकन म्हणाल्या, “साहेब, तिला नको. ती आपणहून येईल तेव्हा—” साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी बोलावलं. चंद्री उठली. साहेबांनी नाव विचारलं. तिनं साहेबांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग तट्ट्याला वळसा घालून सरळ माझ्या टेबलापाशी गेली, पाटीवरची पेन्सिल उचलली, दातांत आडवी धरली, परत येऊन कोपऱ्यात हात जोडून उभी राहिली.

साहेब म्हणाले, “हे काय?”

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “हे मी शिकवलेलं नाही.”

“मग पोरगी आईच्या पोटातून शिकून आली?” साहेब कडाडले. “तोंडात पेन्सिल घालून मुलं उभी करता, आणि मार नाही म्हणून गावभर सांगता? उद्या वेल्ह्यात मुक्काम आहे माझा, तिथूनच लिहितो भोरला. बंद करा हा वर्ग.”

बाईंनी एकदाच माझ्याकडं बघितलं. ही युक्ती कुणाची ते त्यांना कळलं होतं. पण माझं नाव घेतलं नाही. चंद्रीजवळ गेल्या, उकिडव्या बसल्या आणि हळूच तिच्या दातांतली पेन्सिल काढून घेतली. साहेब जाताना मी वही पुढं केली. त्यांनी ती बगलेत मारली.

आमच्या घरात शिरा करायला सांगितला. झाला, पण ताट बाजूला सारलं. पोरीला पेन्सिल कुठून माहीत? बाईंनी शिकवलं नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? हिवतापाचे पाच दिवस सोडले तर आठ महिने मी फटीपासून हललो नाही.

१५ फेब्रुवारी

पहाटे अंथरुणात ताडकन उठून बसलो. तेरा जून! माझ्याच अक्षरात, माझ्याच कौतुकानं: ही माझी स्वतःची युक्ती. आणि ती वही साहेबांच्या बगलेत.

वेल्ह्याला जायला हवं, त्यांनी वाचायच्या आत. ते एक पान फाडलं की झालं.

१५ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण करून

सगळं लिहितो. वही परत आली आहे, तिच्यातच लिहितो.

सोनबा बाजाराला गाडी घेऊन निघाला होता. मी हात केला. त्यानं बैल थांबवले, पोतं झाडून मला बसायला दिलं. निम्मी वाट सरली. मग मीच म्हणालो, “काल तुझ्या पोरीनं बाईंचा वर्ग बुडवला.”

“व्हय. कळलं.”

“पेन्सिल कुणी शिकवली तिला?”

बैलांकडंच बघत म्हणाला, “म्याच.”

“तू?”

“शाळंत घालायची म्हनल्यावर भ्या वाटलं. बाई म्हनल्या मार न्हाई. पर तुमी हुतासा न्हवं शाळंत.” त्याला एवढं बोलायची सवय नाही. “तिला म्हनलं, मास्तर असतील तवर त्वांड उघडायचं न्हाई. लईच कुनी इचारलं तर आपनहून पेन्सिल घ्यायची, दातात धरायची, कोपऱ्यात जायचं. आपनहून धरली की मारत न्हाईत. म्या लई उशिरा शिकलो ह्ये. तिला आदी शिकवून ठिवलं.”

त्याचा पुढचा दात अर्धा आहे. मी इतकी वर्षं समजत होतो की बैलानं शिंग मारलं असेल. विचारलं.

“बैल कशाला मारतोय,” सोनबा म्हणाला. “उभ्या उभ्या झोप लागली, पेन्सिलीसकट भुईवर पडलो. तुमी म्हनलासा, उठ. आठवत न्हाई तुमास्नी?”

नाही आठवत. हीच गोष्ट मला गाडीभर खात राहिली, की मला आठवत नाही. चंद्रीचं मनगट ओतताना कसं वळतं ते मी लिहून ठेवलं आहे. तिच्या बापाचा दात माझ्या वर्गात पडला आणि मला आठवत नाही.

वेल्ह्याच्या चावडीत साहेब कागद पसरून बसले होते. मी वही मागितली. त्यांनी ती तशीच उचलून दिली. “न्या. वाचायला कुठं वेळ आहे? जे बघायचं ते काल डोळ्यांनी बघितलं. तुमचं मात्र कौतुक लिहितोय.”

वही हातात आली. पान फाडायचीसुद्धा गरज उरली नव्हती. नमस्कार केला, बाहेर आलो. समोर सोनबा बैलांना पाणी पाजत होता. बादली ओतताना त्याचं मनगट शेवटी उलटं वळलं, अगदी तसंच.

परत आत गेलो. तेरा जून उघडलं आणि उभ्यानंच मोठ्यांदा वाचायला लागलो. ‘मार कमी लागतो’ इथं थांबलो. मग पुढचं वाचलं. सगळं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “काल का बोलला नाहीत?”

“मला सूड घ्यायचा होता.”

“कशाचा?”

“तिनं माझ्या छडीवर पंचे वाळत घातले.”

हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. मग मात्र माझा पारा चढला. म्हणालो, “आणि तुम्ही तरी काय बघितलंत हो? अर्ध्या तासात वर्ग बंद करून मोकळे! ही वही घ्या, वाचा. आठ महिने मी त्या बाईचं वाईट शोधतोय. एक दिवस मारलं नाही तिनं, एक दिवस आवाज चढवला नाही. पोरं वाचायला लागली. माझ्यापेक्षा मोठा दुष्मन नाही तिला, आणि मी सांगतोय.”

साहेबांनी वही ठेवून घेतली, दुपारपर्यंत वाचली, संध्याकाळी परत दिली. “वर्ग राहील,” म्हणाले. “तुमच्याबद्दल काय लिहू?”

“काढा म्हणून लिहा. कुठल्या दुसऱ्या शाळेत मात्र पाठवू नका.”

२० फेब्रुवारी

हुकूम आला. मला मोकळं केलं.

सामान आणायला शाळेत गेलो. बाईंनी छडीवरचे पंचे उतरवायला घेतले. म्हणाल्या, “मास्तर, ही तुमची.” मी म्हणालो, “राहू द्या, मग पंचे कुठं वाळतील?” त्यांनी डोळ्याला पदर लावला. रडवायचं होतं ना मला हिला? हे घ्या, रडली. माझा तिच्यावरचा राग पुरता गेलाय असंही नाही. शहाणी आहे, त्याचाच येतो.

बाहेर उंबराखाली सोनबा नेहमीसारखा उभा, शेजारी चंद्री. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. बाई हे दिवसातून पन्नासदा कसं करतात कोण जाणे. म्हणालो, “चंद्रे, मी शाळा सोडली. आता तू बोल. कुणी काही करणार नाही.”

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ही काहीतरी गोड बोलेल. नाव सांगेल. तिनं बापाकडं बघितलं. सोनबा म्हणाला, “बोल की, बाय.”

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “मास्तर, तुमी परत येनार न्हाई न्हवं?”

मी म्हणालो, “नाही.”

“कवाच न्हाई?”

“कधीच नाही.”

तेव्हा तिनं सोनबाचं बोट धरलं आणि त्याला ओढत पायरीकडं नेलं. तो पायरीशी अडला. तिनं आणखी जोरानं ओढलं. तो चढला, अठरा वर्षांनी. मी ट्रंक उचलून चालू लागलो, पण तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, थांबायला तयार नव्हता. “बाबा, ह्यो माजा तांब्या. ह्ये चिंचुके. ह्यो पंचा माजा. आन् ही फट बगितलीस का? हितं मास्तर बसायचं.”